परसातली भेदरं (टोमॅटो) आजारी पडली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

परसदार:
आज शेजारच्या वहिनींनी हाक मारून भेदराची झाडं दाखवली. शेंडे चुरडलेले, पानं बारकी, कडा वर वळलेल्या. पाहिलं आणि आजीच आठवली. यवतमाळकडच्या गावी मोरीच्या पाण्यावर तिचा वाफा होता. औषधाचं नाव काढायच्या आधी ती पान उलटं करून पाहायची. खाली पांढरी माशी आणि वर असा बोकड्या दिसला की झाड मुळासकट चुलीत. आजोबा हळहळायचे, "अवं, फुलावर आलं होतं ना ते!" ती ढिम्म. बोकड्या, म्हणजे पानं चुरडण्याचा रोग, विषाणूनं होतो आणि ही माशी तो पसरवते. हा विषाणू झाडातून काढणारं औषध नाही, माशी आवरली तर बाकीची झाडं वाचतात. आजीला विषाणू माहीत नव्हता, पण करायची ते बरोबर होतं. वहिनी मात्र उपटायला तयार नाहीत. तुमच्याकडे काय झालं, काय केलं?

वऱ्हाडी ठेचा:
वहिनीले म्हना उपटाच. पन हलवू नका, माशी उडून बाजूच्या झाडावर बसते. सकायी थंडीत ते सुस्त असते, तवा झाडावर पोतं टाका न मंग उपटा. बाकीच्यायले पिवळे चिकट सापळे लावा. कुकर लागला, येतो मंग.

काळी माती:
आमच्याकडे वेगळंच. झाड हिरवंगार, दुपारी मान टाकायचं, रात्री सावरायचं, मग एक दिवस सावरलंच नाही. घरचे म्हणाले पाणी कमी पडलं, अजून पाणी! कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंनी सांगितलं, बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात दुधासारखे धागे पाण्यात उतरायला लागले. जिवाणूजन्य मर. धागे नाही आले, आतून खोड तपकिरी आणि खालची पानं आधी पिवळी, तर बुरशीची मर समजायची. जिवाणूची असेल तर फवारून काही होत नाही. त्या वाफ्यात मग वांगं, मिरची, बटाटा काहीच नाही, सगळे एकाच घरातले. आता तिथे मेथी आणि कांदा. भेदरं पलीकडे, उंच गादीवाफ्यावर. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं ना.

मोर्शीची सून:
माझ्या फळांना बुडाशी काळा डाग पडून राहिला, वरून एकदम छान. कीड आहे का? कृषी केंद्रवाला कॅल्शियमची बाटली देतो म्हणतो

काळी माती:
ताई, कीड नाही. काळ्या मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, बहुधा भरपूर असतो, झाडाला तो वेळेवर पोचत नाही. पाणी आठ दिवस नाही आणि मग एकदम पाट सोडला, असं होतं का?

मोर्शीची सून:
हो ना! मोटारीची लाईन रात्रीची. ज्या रात्री जाग येईल त्या रात्री पाणी 😄

काळी माती:
मग थोडं थोडं पण नेमानं द्या, बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरा. डाग पडलेली तोडून टाका. नवी फळं चांगली येतील, बाटली राहू द्या.

वैनगंगेकाठचा:
आमच्या झाडीपट्टीकडे कुटार कुठलं, धानाची तणस टाकतो. तेच काम.

खर्राबंदी:
एक गोष्ट कोणी सांगत नाही. तंबाखूतला विषाणू भेदराला लागतो. पानावर हिरवे-पिवळे चट्टे येतात. आमचे मामा खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटून त्याच हातानं शेंडे खुडायचे. आता मामीनं वाफ्याशी साबण ठेवलाय. हात धुतल्याशिवाय प्रवेश नाही.

वऱ्हाडी ठेचा:
मामीले सरपंच करा राजेहो 😂

संत्र्याची फोड:
बोकड्या समजून झाडं उपटायच्या आधी फवारणीचा पंप पाहा. आमच्या गड्यानं तणनाशक मारलेला पंप नुसता विसळला आणि त्यातच निंबोळी भरली. दोन-तीन दिवसांत सगळी झाडं एकदम वाकडी, पानं पट्टीसारखी लांबट. बाजूची कपाशीही तशीच. माशी एकही नाही. रोग असा सगळ्यांना एका दिवशी लागत नाही, एक-दोन झाडांपासून पसरतो. परसातल्या भाजीला वेगळा छोटा पंप ठेवा.

परसदार:
हे वहिनींना विचारलंच नाही मी! विचारते.

मोर्शीची सून:
निंबोळीचं प्रमाण कोणी सांगा ना

संत्र्याची फोड:
लिटरला ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळून चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालायची. संध्याकाळी फवारा, पानाच्या खालून. कपाशीचं उरलेलं औषध घरच्या भाजीवर मारू नका, कोणी कितीही सांगो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्याच बाटल्या घराघरात पडून असतात.

वऱ्हाडी ठेचा:
आलो. खालच्या पानायवर गोल गोल कड्यायचे तपकिरी ठिपके आले तर तो करपा. तेवढी पानं तोडून जाळा, झाडाले काठी द्या, पाणी बुडाशी टाका, पानायवर नाई. लयच वाढला तर बोर्डो: एका लिटरले १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना. मडक्यात नाईतर पलास्टिकात बनवा, लोखंडाच्या घमेल्यात नाई. इयाचं (विळ्याचं) पातं बुडवून पाहा, तांबूस झालं म्हंजे चुना कमी पडला. त्याच दिवशी वापरा.

चांदा ते:
आमच्या चंद्रपुरात रोगाची गरजच नाही, मार्च संपला की उन्हानंच फुलं गळतात. हिरवी जाळी लावून पाहिली, झाड जगतं, फळ नाही धरत.

तुरीच्या शेंगा:
फळाला भोक पाडून आत बसणारी अळी कोणाकडे? तीच ती हरभऱ्याची घाटे अळी, तुरीवरून आमच्या परसात उतरते. कडेनं झेंडू लावला तर माद्या तिकडे अंडी घालतात, तिथल्या अळ्या रोज वेचायच्या. देवालाही फुलं होतात.

मोर्शीची सून:
भोक पडलेल्या हिरव्या भेदरांचं काय करता?

तुरीच्या शेंगा:
किडका भाग कापून बाकीची चटणी. तीळ, लसूण, हिरवी मिरची, लोखंडी तव्यावर.

वऱ्हाडी ठेचा:
तीळ? शेंगदाने टाकतेत वं बाई

वैनगंगेकाठचा:
जवस. विषय संपला.

वऱ्हाडी ठेचा:
काऊन संपला, आत्ता तर सुरू झाला