हजेरीपटावरची नावं: तुमच्या वर्गात कोण कोण होतं?

मी एका जुन्या शाळेच्या कचेरीत लिपिक आहे. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कपाटाच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेली जनरल रजिस्टरं बाहेर काढावी लागली. सगळ्यांत जुन्या वहीतली काही पानं मोडीत, पुढची बाळबोधीत, कडा इतक्या वाळलेल्या की पान उलटताना खाली भुगा पडायचा. काम जातीचा रकाना तपासायचं, पण नजर शेजारच्या नावांत अडकून राहायची. एका पानावर धोंडू, गणपत, पांडुरंग, विठ्ठल, महादू. पुढच्या रजिस्टरात सुभाष, अशोक, वसंत, सुरेश, कुसुम, विमल. त्याच्याही पुढे संजय, राजेंद्र, सुनीता, संगीता. काही दिवसांनी तर तारखेचा रकाना झाकला तरी पान कुठल्या दशकातलं ते सांगता यायला लागलं.

रजिस्टरात नुसतं नाव असतं. ते कुणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, एकाच नावाची तिघं असली तर बाई कुणाला काय म्हणून हाक मारायच्या, हे तिथे सापडत नाही. ही माहिती तुमच्याजवळ आहे आणि ती लिहिली जावी असं मला फार वाटतं. शाळेत साधारण कधी होतात आणि वर्गात कुठली नावं पुन्हा पुन्हा यायची, एवढं जरूर सांगा. वर्गमैत्रिणींची, मित्रांची आडनावं मात्र नकोत.

सत्तरचं दशक, नगर जिल्हा

आमच्या वर्गात आम्ही चौघी सुनीता. बाई वडलांच्या नावासकट पुकारायच्या, पण तेवढ्यावर भागायचं नाही, कारण त्यातल्या दोघींचे वडील बाळासाहेब. मग एक मळ्यातली सुनीता, एक पोस्टातली, एक लांब वेणीची आणि मी नुसती सुनीता. पुढेमागे काही न लागलेली मी एकटीच, त्याचा मला तेव्हा केवढा अभिमान!

माझ्या पाठच्या दोघी अनिता आणि विनिता. शेजारच्या घरात संगीता, कविता, सविता. आईचं नाव द्वारका, मावशीचं मथुरा, आत्याचं काशी. आईला आपलं नाव जुनाट वाटायचं. ‘आपल्या पोरींना तरी शहरातल्यासारखी नावं मिळावीत’ असं ती म्हणायची, आणि तेच प्रत्येक आईला त्याच वर्षांत वाटलं असणार.

लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, यांच्या नावाला शोभेलसं. सासरी सगळे मला त्याच नावाने ओळखतात आणि त्यांनी प्रेमानेच ठेवलं. पण रेशनकार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असं झालं की कुठलाच कागद पुढे सरकत नाही. पासपोर्टाच्या वेळी मुलाने विचारलं, आई, कुठलं कायम करायचं? मी म्हटलं, दाखल्यावरचं. मग बाकीचे सगळे कागद दुरुस्त करून घेतले. आमच्या वर्गाचं स्नेहसंमेलन झालं तेव्हा चौघींतल्या तिघी आल्या होत्या. मंगल कार्यालयाच्या दारातून कुणीतरी ‘ए सुनीता’ म्हणून हाक मारली आणि आम्ही तिघी एकदम वळलो.

आजीच्या वतीने, 1940च्या आसपासची शाळा

आजी चौथीपर्यंत शिकली. मी तिला विचारून विचारून लिहितेय. घरात तिला ठकी म्हणत. शाळेत घालायला आजोबा (म्हणजे तिचे) घेऊन गेले, तेव्हा मास्तर म्हणाले, असं नाव लिहून कसं चालेल? त्यांनीच शकुंतला लिहिलं. जन्म कधीचा, तर ‘पावसाच्या तोंडावर’, म्हणून तारीख 1 जून. आमच्या आजीचं नाव आणि वाढदिवस दोन्ही मास्तरांनी दिलेले आहेत.

तिच्या वर्गातल्या मुली: कमल, विमल, कुसुम, सुमन, शांता, लीला, मालती आणि दोन सिंधू. ही नावं सांगताना तिला प्रत्येकीचं घर आठवत होतं.

धागाकर्ता

ताई, ही 1 जूनची गोष्ट आमच्या रजिस्टरांतही पानोपानी आहे. तारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहावी लागते, त्यामुळे ‘एक जून एकोणीसशे’ हे शब्द एकाखाली एक दिसत राहतात. घरचं नाव बाजूला ठेवून शाळेचं नाव लिहिल्याच्या खुणाही दिसतात, पण मास्तरांनी तसं का केलं ते आज तुमच्याकडून कळलं.

साठचं दशक, मराठवाडा

माझ्या वडलांचं नाव कचरू. त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून हे जन्मल्यावर त्यांना केराच्या सुपात ठेवलं आणि नाव कचरू. मरणाला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही. अशी नावं सगळ्या जातींत होती. दगडू, धोंडू, केरू, भिकू कुठल्याही गावात सापडतील. फरक एवढाच, की इतरांचा दगडू वयाबरोबर दगडूशेठ नाहीतर दगडूबा होई आणि आमच्या वस्तीतला म्हातारा झाला तरी दगड्याच राही.

14 ऑक्टोबर 1956ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. वडील जाऊ शकले नाहीत, पण गावातून जे गेले होते ते परत आल्यावर वस्तीत रात्रभर बैठक झाली. त्यानंतर जन्मलेल्या आमच्या पिढीची नावं बघा: सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, महेंद्र, सुजाता, प्रज्ञा, विशाखा, यशोधरा. थोरला भाऊ सिद्धार्थ आणि मी मिलिंद. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं हे नाव, आणि औरंगाबादेत नागसेनवनातल्या कॉलेजालाही बाबासाहेबांनी हेच नाव दिलेलं.

पहिलीत नाव घालायला गेलो तेव्हाचं मला लख्ख आठवतं. गुरुजींनी नाव विचारलं. वडील एरवी गुरुजींपुढे मान खाली घालून बोलायचे. त्या दिवशी मान वर करून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, ‘मि-लिं-द.’ आणि गुरुजींनी लिहिलेलं ते वाकून बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

पुढे सगळ्याच समाजांत मिलिंद, राहुल, सिद्धार्थ झाले. माझ्या ऑफिसात तीन मिलिंद होतो, तिघे तीन जातींचे. वडलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

एसटीतली नोकरी, बदल्यांमुळे बरंच फिरणं

माझं शिक्षण बुलढाणा जिल्ह्यात. शेगाव जवळ, त्यामुळे दर वर्गात निदान दोन गजानन. नोकरीत कळलं की हे सगळीकडेच चालतं. पैठणच्या बाजूला एकनाथ, परळीकडे वैजनाथ, सोलापुरात सिद्धेश्वर आणि सिद्राम, जेजुरीच्या पट्ट्यात खंडू आणि मल्हारी, नाशिककडे त्र्यंबक, माहूरच्या वाटेवर रेणुका. हे जुन्या माणसांचं सांगतोय. माझ्या मुलाच्या वर्गात असा काही पत्ता लागत नव्हता. सगळ्या जिल्ह्यांत तेच अमोल, योगेश, स्वप्नील, दीपाली, रूपाली, सोनाली. मला यात काहीतरी गेल्यासारखं वाटतं.

ऐंशीचं दशक, मुंबई उपनगर

माझं नाव सचिन, जन्म 1978चा. नवीन ओळख झाली की समोरचा हमखास म्हणतो, वडील क्रिकेटवेडे वाटतं! कराचीत तेंडुलकरचं पदार्पण झालं 1989च्या नोव्हेंबरात. तेव्हा मी पाचवी-सहावीत होतो आणि वर्गात आधीच तीन सचिन होते. उलट त्याचं स्वतःचं नाव वडलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. त्याची भावंडं नितीन, अजित आणि सविता. या चारही नावांकडे बघा, साठ-सत्तरच्या दशकातला कुठलाही मराठी हजेरीपट उघडल्यासारखं वाटेल. तो मोठा झाल्यावर नाव आणखी पसरलं ते खरं, पण आम्ही आधीचे. हे एकदा नोंदवायचं होतं.

ऐंशीचं दशक, मिरज, मराठी माध्यम

वर्गात आम्ही मुसलमान मुली सहा-सात. दोन शबाना, दोन यास्मिन, रुबिना, परवीन. मुलांत सलीम, जावेद आणि नंतरच्या वर्गांत इम्रानच इम्रान. माझ्या पहिलीच्या दाखल्यावर यास्मिन, सातवीच्या गुणपत्रकावर यासमीन आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर यास्मीन. अब्बांनी प्रत्येक वेळी अर्ज केला. तरी सांगते, आमच्या मराठीच्या बाई माझं नाव जितकं सुरेख घ्यायच्या, तितकं पुढे कुणी घेतलं नाही.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

मी लिहू की नको असं करत होते. माझ्या हजेरीपटावर अनेक वर्षं एखादी तरी नकुशी असायची. दुसरी-तिसरी मुलगी झाली, आता मुलगा व्हावा, म्हणून ठेवलेलं नाव. बाकीची नावं मी भराभर घ्यायचे आणि तिथे आले की आवाज आपोआप खाली यायचा. मुलगी मात्र नेहमीच्या आवाजात ‘हजर’ म्हणायची. तिला ते नाव जन्मापासून ऐकायची सवय. जड मलाच व्हायचं.

2011 साली आमच्या जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेतला गेला आणि अडीचशेहून जास्त जणींना समारंभ करून नवी नावं दिली. माझ्या वर्गातल्या मुलीला मी आधीच विचारून ठेवलं होतं, तुला काय आवडेल? आठवडाभर रोज वेगळं नाव सांगायची. शेवटी वैष्णवी ठरलं. दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातल्या सगळ्या वह्या काढल्या आणि वेष्टनावरचं जुनं नाव खोडरबराने पुसत बसली. पेनाने लिहिलेलं ते, पुसणार कसं? कागद फाटला. मी तिला नवीन वेष्टनं घालून दिली, त्यांच्यावर नाव तिने स्वतः लिहिलं. पहिले काही दिवस ‘वैष्णवी’ पुकारलं की ती शांत बसायची आणि अख्खा वर्ग तिच्याकडे बघून ओरडायचा, ‘अगं, तू!’ मग ती उभी राहून हजर म्हणायची.

मोठ्या, लग्न झालेल्या नकुशी अजून आहेत. त्यांचे कागद कुणी बदलले नाहीत.

नव्वदच्या दशकातला जन्म, पुणे

बाई, तुमचं वाचून थोडा वेळ थांबले होते. आमच्या वर्गाचं सांगायचं तर मुलांत शुभम, अक्षय, ओंकार, अनिकेत, ऋषिकेश आणि मुलींत सायली, ऋतुजा, मानसी, श्रुती. 1994ला मिस वर्ल्ड आणि मिस युनिव्हर्स दोन्ही किताब भारतात आले. आमचा जन्म त्याच्या पुढच्या दोन वर्षांतला, म्हणून दोन ऐश्वर्या आणि एक सुश्मिता. वर सुनीताताईंच्या वर्गात घरावरून, वेणीवरून ओळख ठरायची. आमच्याकडे थेट आडनाव. चारही शुभमना मी आजही आडनावानेच हाक मारते आणि फोनमध्येही ते तसेच आहेत.

प्राथमिक शिक्षिका, सध्या पहिलीचा वर्ग

प्रवेशाच्या वेळी पालक कौतुकाने सांगतात, असं नाव दुसऱ्या कुणाचं नाही. ते किती शोधाशोध करून ठेवलेलं असतं ते मला दिसतं, म्हणून मी प्रत्येक नाव दोनदा विचारून घेते, ऱ्हस्व-दीर्घासकट. जून संपेपर्यंत वर्गात दोन शौर्य, दोन आरोही, शिवाय आरव, अन्वी, विहान, शिवांश असतातच. गेल्या काही वर्षांत राधा, रमा, मुक्ता, जिजा ही नावंही परत यायला लागली आहेत. पणजीचं नाव ठेवलंय असं सांगणारे आईबाप भेटले की मला मनापासून बरं वाटतं.

धागाकर्ता

सातारच्या बाई, तुमचं वाचल्यावर मी आमची रजिस्टरं पुन्हा काढली. नकुशी आहेत, वेगवेगळ्या सालांत. माझ्या नजरेतून त्या सुटल्या होत्या, कारण मी जास्त करून मुलांचीच पानं बघत होतो. आता मुलींची नावं सालवार उतरवून घेतोय.

खानदेश आणि कोकणातून अजून कुणी लिहिलेलं नाही. आणि घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा आणि वर्गातली आठवतील तेवढी नावं विचारा.