वजनाबरोबर पट्टीवरचं अक्षरही बघा

घरगुती गॅसचा सिलेंडर दारात आला की वजन करूनच घ्यावा, हा सल्ला शंभर टक्के पटतो. रिकाम्या टाकीचं वजन प्रत्येकावर वेगळं लिहिलेलं असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवून काट्यावरचा आकडा ताडून बघायचा. पण टाकीच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला रंगवलेलं अक्षर कुणी वाचतच नाही. 'बी-२७' म्हणजे पुढच्या चाचणीची मुदत जून २०२७ (ए मार्च, सी सप्टेंबर, डी डिसेंबर). मुदत उलटलेली असेल तर दारातूनच परत पाठवा.

आणि सील काढल्यावर व्हॉल्व्हमधली काळी रबरी रिंग बघून घ्या. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे ती चिरलेली निघाली, रेग्युलेटर बसवताच फसफस सुरू. डिलिव्हरीवाला अजून दारातच होता म्हणून लगेच नवी बसवून मिळाली. तो जिना उतरायच्या आत हे तपासाच.