कॉम्प्युटर की भूगर्भशास्त्र?

विहिरीचा_काठ: बारावी झाली, गाव पारनेरकडे. सीईटीला बरे पर्सेंटाइल आहेत. बाबा म्हणतात, डोळे मिटून कॉम्प्युटर टाक. कोडिंग जमतं मला, पण कुणी सांगितल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. शेजारी विहीर खणत होते तेव्हा मात्र रोज काठावर: आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी कुठल्या थराला लागेल याचे अंदाज बांधायचे. ही आवड म्हणायची की रिकामटेकडेपणा?

काळा_पाषाण: भूजल सर्वेक्षणात आहे मी. नुसत्या बी.एस्सी.वर फार काही मिळत नाही. यूपीएससीच्या कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जिऑलॉजिस्ट पदाला एम.एस्सी. लागतंच. म्हणजे पाच वर्षं धर. पुण्यात फर्ग्युसनला विषय आहे. आणि विहिरीचा काठ थोडाच वेळ मिळतो हो! बाकी पातळ्यांच्या नोंदी, एक्सेल, क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरवर नकाशे. तो कंटाळवाणा भाग झेपेल का, हे आधी स्वतःला विचार. कोडिंग तिथेच कामी येतं.

नगरची_मावशी: बाबांसमोर 'आवड' हा शब्द काढूच नकोस बाळा. पद, परीक्षा, पगार सांग. आम्हा पालकांना तेवढंच ऐकू येतं.

विहिरीचा_काठ: मावशी, अगदी! परीक्षेची जाहिरात दाखवली. बाबांनी एवढंच विचारलं, "केंद्र सरकारची आहे ना?" नकाशांचं वाचून मला उलट हुरूपच आला. तरी इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्मही भरून ठेवतेय, घरात शांतता हवी म्हणून.