महागड्या यो-योने हात सुधारतो का?

वर्तकनगरचा_बाबा
मुलगा सातवीत आहे. सध्या यो-योचं वेड लागलंय. जांभळी नाक्यावरून आणलेला लाइटवाला यो-यो आहे. तो खाली जातो, लगेच वर येतो, संपलं. सोसायटीतला अकरावीतला एक मुलगा पार्किंगमध्ये दोरीवर यो-यो झुलवतो, उडवतो, परत दोरीवर झेलतो. त्याचा यो-यो साडेसहा हजारांचा. आता घरी रोज एकच पालुपद: "बाबा, तसा घेतला की मलाही येईल." पैसे घालायची तयारी आहे, पण महाग यो-योने खरंच फरक पडतो का? जाणकारांनी सांगावं.

कोपरीकर
आधी दोन-तीन महिने आहे त्याच्यावरच खेळू द्या. आवड टिकली तर बघा.

उपवन_थ्रो
कोपरीकर, इथे मात्र मी असहमत आहे. दादा, साडेसहा हजार घालू नका, पण लाइटवाल्यावरही त्याला अडकवून ठेवू नका. त्यावर त्याने कितीही घाम गाळला तरी ती ट्रिक येणार नाही. यो-योच्या फटीत डोकावून बघा, दोरी बहुतेक आसाला गाठ मारून बांधलेली असेल. तशी असली की यो-यो खाली जाऊन फिरत राहूच शकत नाही. 1928 साली पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला, तेव्हा त्याच्या यो-योची दोरी आसाभोवती फासासारखी सैल घातलेली होती. म्हणून तो खाली जागेवर फिरायचा. आज त्या आसावर बेअरिंग असतं, त्यामुळे कितीतरी जास्त वेळ फिरतो. फिरत राहिला तरच दोरीवर घेता येतो. तेव्हा बेअरिंगवाला हवाच, आणि तो हजार-दीड हजारात मिळतो.

त्याच्या वरचे पैसे कशाचे? बाय-मेटलमध्ये मधलं अंग अॅल्युमिनियमचं आणि कडेला स्टीलची रिंग असते. वजन कडेला गेलं की यो-यो जास्त वेळ आणि जास्त स्थिर फिरतो. घडण बारीक असेल तर थरथरही कमी. हा फायदा खरा आहे, पण तो कामी येतो लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या ट्रिक्स, खेळणाऱ्याला. नवशिक्याचा यो-यो थांबतो तो कलल्यामुळे. सोडताना मनगट जरा बाहेर वळलं की यो-यो तिरका होतो, दोरी आतल्या भिंतीला घासते आणि सगळा वेग तिथेच जातो. टायटॅनियमचा असला तरी घासणारच.

रविवारी सकाळी उपवनला आम्ही काही जण खेळतो. तिथे आठवीतली एक मुलगी प्लॅस्टिकच्या यो-योवर ट्रॅपीझ घेते, म्हणजे फिरता यो-यो दोरीवर झेलते, आणि त्यातूनच बॅरल रोल काढते, म्हणजे तो दोरीवरच पुन्हा पुन्हा पलटवते. तिचा थ्रो बघण्यासारखा आहे. कोपर वर, मूठ कानाजवळ, हात सरळ खाली येतो आणि यो-यो पावलासमोर ताठ उभा फिरतो, जराही कलत नाही. तिच्याशेजारी महागडा बाय-मेटल घेऊन उभ्या असलेल्या मुलांचा यो-यो दुसऱ्या उडीलाच आडवा होतो. मला त्या मुलांचं वाईट वाटतं, कारण त्यांना कुणीतरी यो-यो विकला, पण थ्रो शिकवला नाही.

आणि 2014 साली प्रागमध्ये जागतिक स्पर्धेत 1A (एका यो-योने दोरीवरच्या ट्रिक्सचा गट) जिंकलेला जेंट्री स्टाइन 'शटर' खेळत होता. एकाच धातूचा, मधल्या किमतीचा यो-यो.

वाशी_सेक्टर१७
पटलं, पण पूर्ण नाही. मी बाय-मेटल घेतला तेव्हा जे कॉम्बो अर्ध्यात मरायचे ते पूर्ण व्हायला लागले. स्पर्धेत तर हे फारच जाणवतं.

उपवन_थ्रो
बरोबर, कारण तुमचा थ्रो आधीच तयार होता. फायनलला तीन मिनिटं खेळायचं तर ताकदीचा यो-यो हवाच. प्रश्न सातवीतल्या मुलाचा आहे म्हणून तसं लिहिलं.

वर्तकनगरचा_बाबा
दोघांचेही आभार. मग नेमकं काय मागू? आणि तो मोठा मुलगा यो-यो वर आणताना दोरीशी काहीतरी करतो, ते काय?

उपवन_थ्रो
ते बाइंड. त्याचा यो-यो अनरिस्पॉन्सिव्ह आहे, नुसत्या झटक्याने वर येत नाही. दोरीचा दुमडलेला पदर फटीत सोडला की आतले रबरी पॅड तो पकडतात आणि दोरी गुंडाळली जाते. पहिल्याच दिवशी मुलाला हे दिलंत तर तो वैतागेल. म्हणून दोन बेअरिंग सोबत येणारा मागा. अरुंद बेअरिंग घातलं की झटक्याने परत येतो. थ्रो सरळ झाला की रुंद बेअरिंग घालायचं. मॅजिकयोयो या कंपनीचे असे मॉडेल आहेत.

उरलेल्या पैशातून पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचं पाकीट घ्या. दोरी झिजते, पीळ बिघडतो, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. लांबी त्याच्या उंचीप्रमाणे: यो-यो जमिनीवर टेकवून दोरी बेंबीच्या थोडी वर कापायची आणि मग बोटाचा फास करायचा. बेअरिंगमध्ये खोबरेल वगैरे घालू नका, आत चिकटा धरतो.

वर्तकनगरचा_बाबा
घरात सगळीकडे टाइल्स आहेत. आपटून खराब होईल का?

उपवन_थ्रो
प्लॅस्टिकला ओरखडे पडतील, खेळावर फरक नाही. धातूचा असेल तर कडेला खडबडीत टोक येतं आणि बोटाला लागतं. बारीक पॉलिश पेपर फिरवला की जातं. सुरुवातीला जाड सतरंजीवर उभं करा. आणि डोक्यावरचा पंखा बंद ठेवा.