इंग्रजीतलं कर्तव्य कर्जातून आलं, हे आज धरून चालायचं का?

वहीखातं
कर्तव्य सांगणारे इंग्रजीतले मोठे शब्द देण्याघेण्यातून आले आहेत आणि तो हिशोब त्यांच्यातून अजून पुसलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘ऑट’ (ought) घ्या, म्हणजे ‘करायला हवं’. ‘ओ’ (owe) म्हणजे देणं लागणं, त्याचा हा जुना भूतकाळ. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात गुत्त्याची मालकीण राजपुत्राला चुगली सांगते, की त्याचा सोबती फॉल्स्टाफ म्हणत होता, तुम्ही त्याचे हजार पौंड देणं लागता. तिथे तिच्या तोंडी ‘ऑट’च आहे. उपदेश नाही, निव्वळ उधारी.

‘शुड’ हा ‘शॅल’चा भूतकाळ आणि ‘शॅल’चाही जुना अर्थ देणं लागणं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 16व्या अध्यायात एक कारभारी धन्याच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो आणि विचारतो, माझ्या धन्याचं तुझ्याकडे येणं किती? हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भाषांतरात या प्रश्नात ‘शॅल’चं रूप आहे. 1611च्या किंग जेम्स भाषांतरात त्या जागी ‘ओ’ आलं. जर्मनमधला ‘शुल्ड’ याच घराण्यातला, त्याचा अर्थ आजही कर्ज आणि दोष असा दोन्ही.

‘ड्यूटी’ आणि ‘डेट’ (debt, कर्ज) दोन्ही लॅटिन ‘देबेरे’पासून. हे क्रियापद ‘दे’ आणि ‘हाबेरे’ मिळून झालं, म्हणजे दुसऱ्याचं काही आपल्याकडे असणं. ‘ओ’ आणि ‘ओन’ (own, मालकी असणं) यांचं मूळही एकच, जुन्या इंग्रजीतलं ‘आगान’, म्हणजे जवळ असणं. ‘हॅव टू’मध्येही ‘असणं’च बसलंय. तीन वेगळ्या वाटांनी भाषा एकाच ठिकाणी पोचली: ज्याच्याजवळ आहे, त्याच्यावर भार आहे. हा योगायोग मला पटत नाही.

रोजचीभाषा
माहिती चांगली आहे, निष्कर्ष मान्य नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘गाडी नऊपर्यंत यायला हवी’ असं सांगायला इंग्रज माणूस ‘शुड’ वापरतो. तिथे गाडी कुणाचं काय देणं लागते?

आणि सगळ्यात सक्तीचा शब्द तुम्ही सोडूनच दिलात. ‘मस्ट’ जुन्या इंग्रजीतल्या ‘मोतान’वरून आला, आणि त्याचा अर्थ होता मुभा असणं! परवानगीचा शब्द सक्तीचा झाला. मुळावरून आजचा अर्थ ठरवायचा, तर ‘मस्ट’ म्हणजे ‘केलंत तरी चालेल’ असं म्हणावं लागेल. ‘बॉन्डेज’चंही, म्हणजे गुलामीच्या शब्दाचंही तेच. लोकांना वाटतं बांधण्यावरून आला. प्रत्यक्षात तो स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या घरधनी शेतकऱ्याच्या शब्दावरून आला. मूळ शोधून वापर कळत नाही, वापर बघूनच कळतो.

वहीखातं
‘मस्ट’ मी सोडला कारण तो वेगळ्या कुळातला आहे. पण त्याच्यातही जुनं शिल्लक आहे. ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘गरज नाही’ नव्हे, ‘परवानगी नाही’. नकार जोडला की तो मुभेचा शब्द उघडा पडतो. जर्मनमध्ये ‘म्यूसन’ला नकार लावला की ‘गरज नाही’ होतं. सख्खी भावंडं आणि वागणूक उलटी.

खडूफळा
आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते, म्हणून मध्ये पडते. मुलं नेमकी इथेच अडतात. ‘यू मस्ट नॉट कम’चा अर्थ विचारला की निम्मा वर्ग ‘तू यायची गरज नाही’ असं लिहितो. मी आजवर ‘पाठ करा’ एवढंच सांगत आले. ‘मुभा नाही’ असं समजावलं तर सोपं जाईल, एवढ्यापुरतं वहीखातं यांचं पटतं. पण ‘ऑट’ शिकवताना उधारीची गोष्ट सांगणार नाही. ‘ऑट टू’ आणि ‘शुड’ कुठे वापरायचं हे त्यातून एका मुलालाही कळणार नाही.

मसुदानवीस
करारांची भाषांतरं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे ‘शॅल’शी रोज गाठ पडते. मराठीत आम्ही ‘करील’, ‘राहील’ असं भविष्यकाळात लिहितो. पक्षकार विचारतो, करीलच का? मग खाली ‘बंधनकारक राहील’ जोडावं लागतं.

आता कोर्टात काय होतं बघा. राज्यघटनेच्या कलम 320(3)(ग) मध्ये शिस्तभंगाच्या कारवाईत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दल ‘शॅल’ आहे. 1957 साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तिथे सल्ला न घेतल्याने कारवाई रद्द होत नाही, तरतूद निर्देशात्मक आहे. म्हणजे ‘शॅल’ असूनही सक्ती नाही. न्यायाधीश शब्दाचं कूळ बघत नाहीत, तरतुदीचा हेतू बघतात. अमेरिकेत सरकारी लेखनाच्या मार्गदर्शक सूचना तर ‘शॅल’ टाळून ‘मस्ट’ लिहा असं सांगतात. माझं मत रोजचीभाषा यांच्या बाजूने.

शिवाय ‘ऑब्लिगेशन’ कर्जातून आलेला नाही. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘लिगारे’ आहे, म्हणजे बांधणं. रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथात त्याची व्याख्याच ‘कायद्याचं बंधन’ अशी आहे. आपली बांधिलकीही बांधण्यातलीच.

वहीखातं
बांधलं कुणाला जायचं, तेही सांगा ना. रोममध्ये ‘नेक्सम’ नावाचा व्यवहार होता, त्यात कर्ज न फेडणारा धनकोच्या ताब्यात जाई. रोमन इतिहासकार लिव्हीच्या हिशोबाने तो इसवी सन पूर्व 326 मध्ये बंद झाला. कायद्याच्या त्या बंधनामागे एके काळी खरीखुरी बेडी होती, आणि ती ऋणकोच्याच पायात होती.

रोजचीभाषा
मग हे इंग्रजीचंच वैशिष्ट्य कसं? तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव, पितर यांची तीन ऋणं आहेत. आपल्याकडे भाषणात ‘आपण समाजाचं देणं लागतो’ हे वाक्य ठरलेलं. सगळीकडेच आहे, तर त्यातून इंग्रजीबद्दल विशेष काय सिद्ध झालं?

वहीखातं
फक्त इंग्रजीचं, असं मी म्हटलंच नाही. पण फरक बघा. ‘कर्तव्य’ म्हणजे करायचं ते. त्यात धनको नाही. आपल्याला ऋण हा शब्द वेगळा आणावा लागतो, तेव्हा कुठे ‘कुणाचं’ हा प्रश्न येतो. इंग्रजीत तो प्रश्न ‘ड्यूटी’च्या पोटातच आहे. आणि तो जुना अर्थ आज मेला म्हणता? दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर रांगेत उभा असलेला माणूस म्हणतो, ‘स्टॅम्प ड्यूटी भरली’. आतला शिपाई म्हणतो, ‘सहापर्यंत ड्यूटी आहे’. एकाला पैसे द्यायचेत, दुसऱ्याला वेळ. शब्द एकच.

रोजचीभाषा
त्या शिपायाला विचारा, तो कुणाचं देणं फेडतोय. तो म्हणेल, नोकरी करतोय. माझं म्हणणं तेवढंच आहे.

खडूफळा
शिपायाचं उत्तर काहीही असो, पगारातून कापलेल्या दिवसाला तोही ‘ड्यूटी बुडाली’ म्हणतो. बुडतं ते देणंच ना? यावर दोघांनीही लिहावं.