'प्रोपागांदा'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम: सतराव्या शतकातल्या कॅथलिक चर्चवरचा लेख मराठीत आणतोय. १६२२ साली पोप पंधराव्या ग्रेगरीने रोममध्ये एक खातं काढलं, 'साक्रा काँग्रेगात्सियो दे प्रोपागांदा फीदे'. मिशनांचा कारभार स्पेन-पोर्तुगालच्या राजांच्या मुठीतून सोडवून रोमकडे आणायचा, हा डाव. मी 'श्रद्धाप्रचार मंडळ' लिहिलं. संपादकबाईंनी 'प्रचार'भोवती लाल गोल काढला, म्हणे निवडणुकीचा वास येतो. 'प्रोपगंडा' ठेवावं तर वाचणारा थेट अपप्रचारच समजणार. काय करू?

जुना_पेठकरी: 'श्रद्धाप्रसारक मंडळ'. शिक्षणप्रसारक मंडळ्या आपल्याकडे पायलीच्या पन्नास आहेत, कुणाला वास आला नाही. प्रसार होतो, प्रचार करावा लागतो. मिटलं.

चिंचेचं_बुटुक: कसलं मिटलं? प्रसार आपोआप होतो तर प्रसारक कशाला नेमता? आणि 'हा शब्द आता प्रचारात नाही' असं म्हणतो तेव्हा तो शब्द कुठल्या वॉर्डातून उभा असतो? प्रचार म्हणजे वहिवाट, चलन. मोल्सवर्थचा मराठी कोश उघडा.

गावठणवाली: आमच्या घरात हा शब्द फार जुना आहे. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मराठी बोलणारे कॅथलिक, मूळचे गिरगावचे. पणजी म्हणे, 'ती माणसं पाद्रोआदोची, आपण परगंडाचे.' मुंबईत १९२८ पर्यंत दुहेरी अंमल होता, काही चर्च पोर्तुगालच्या राजाच्या जुन्या हक्काखाली, तो पाद्रोआदो, आणि काही रोमच्या या खात्याखाली, तो परगंडा. एकाच वस्तीत दोन पाद्री आणि दोन तट. मला लहानपणी वाटायचं, परगंडा म्हणजे परगणाच असणार, कुठला तरी लांबचा.

मातीत_हात: लॅटिन 'प्रोपागारे' मुळात माळ्याचा शब्द. वेलीची फांदी वाकवायची, मातीत दाबून ठेवायची, मुळं धरली की आईपासून तोडायची. म्हणजे आपलं दाबकलम! 'श्रद्धा-दाबकलम खातं' लिहा, बाई लाल पेन टाकून पळतील.

जुना_पेठकरी: 'दाब' अगदी चपखल. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२ चाललं, ते काय फुलं वाहायला?

गावठणवाली: काका, ते गोव्याचं. आणि गोव्याशीच या खात्याचं वाकडं होतं! दिवाडीचा मातेउस द कास्त्रो घ्या. ब्राह्मण घरातला, म्हणून गोव्याच्या आर्चबिशपने त्याला पाद्री करायला नकार दिला. तो पायपीट करत रोमला गेला, तिथे पाद्री झाला, आणि १६३७ मध्ये याच खात्याने त्याला बिशप करून आदिलशाहीत पाठवलं. पोर्तुगीजांनी त्याला शेवटपर्यंत जुमानलं नाही. सगळं एका पोत्यात कोंबू नका.

वसईवाला: 'प्रचार'ला नाक मुरडणाऱ्यांना एक विचारतो. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री जन्माने इंग्रज. १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलेल्या क्रिस्तपुराणात, म्हणजे ख्रिस्तावरच्या मराठी ओवीबद्ध काव्यात, त्याने स्वर्गाला बिनधास्त वैकुंठ म्हटलं. आम्ही वसईत स्नानसंस्कार म्हणतो, प्रॉटेस्टंट मंडळी बाप्तिस्मा म्हणतात. दोघांचंही अडत नाही.

चिंचेचं_बुटुक: पण 'क्रिस्त' त्यानेही तसाच ठेवला ना? संस्थेचं नाव 'प्रोपागांदा', शिवी 'प्रोपगंडा'. एका 'दा'ने काम भागतं.

अर्धविराम: भागतं, पण बाई मुद्रणदोष समजून 'डा' करणार. आणि पुढच्याच परिच्छेदात 'काउंटर-रिफॉर्मेशन', म्हणजे ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतरची कॅथलिक चर्चची चळवळ, आ वासून उभं आहे. सध्या 'प्रतिधर्मसुधारणा' केलंय.

जुना_पेठकरी: प्रतिधर्माची सुधारणा की धर्मसुधारणेची प्रति? पहिलं असेल तर सैतानाचा पंथ, दुसरं असेल तर झेरॉक्स.

वसईवाला: 'प्रति' मुळातच नको. जेझुइट या पाद्र्यांच्या संघाला पोपची मान्यता १५४० ची. फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला १५४२ मध्ये. ट्रेंटची परिषद, म्हणजे कॅथलिक बिशपांची मोठी सभा, १५४५ला सुरू होऊन १५६३पर्यंत रेंगाळली. तिने बिशपांना आपापल्या प्रांतात राहायला लावलं, पाद्री घडवायला सेमिनरी काढायला लावल्या. हे सगळं ल्यूथरला प्रत्युत्तर? 'कॅथलिक धर्मसुधारणा' म्हणा.

चिंचेचं_बुटुक: ल्यूथरने चर्चविरुद्ध आवाज उठवला तो १५१७ला. त्याने दार ठोठावेपर्यंत तुमच्या बिशपांना आपला प्रांत आठवला नव्हता वाटतं.

वसईवाला: स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोसने त्याच्या आधीच मठांची झाडाझडती घेतली होती. वाचत जा जरा.

गावठणवाली: भांडा तुम्ही. मातीत_हात दादा, मोगऱ्याला दाबकलम जमतं का हो? माझ्या छाटकलमाच्या काड्या तीनदा सुकल्या.

मातीत_हात: जमतं की. लवचीक फांदी घ्या, मातीत जाणाऱ्या भागाला खालून हलकी चीर द्या, वर दगड ठेवा. आणि मुळं आली का म्हणून रोज उकरून बघू नका, तिथेच घोळ होतो.

अर्धविराम: मंडळी, मला लेख उद्या द्यायचाय.

जुना_पेठकरी: मोगऱ्याला दगड नको, विटेचा तुकडा ठेवा.