पीएलसीला पॅच मारून नेमकं काय साधतं?

लॅडरवाला
आयटीच्या ऑडिटरने आमच्या प्लांटची तपासणी केली आणि पानंच्या पानं लाल करून दिली. प्रत्येक पीएलसीपुढे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरपुढे, एकच शेरा: फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं, तातडीने अपडेट करा, म्हणजे पॅच मारा. तातडीने म्हणजे कधी? लाईन चालू असताना फर्मवेअर बदलता येत नाही, आणि बदलल्यावर प्रोग्राम नीट उठला नाही तर पहाटे तीनला पॅनेलपुढे मी उभा असतो, ऑडिटर नव्हे.

माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. मॉडबस, म्हणजे ही यंत्रं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तो प्रोटोकॉल, 1979 सालचा. समोरचा कोण आहे हे विचारायची सोयच त्यात नाही. नेटवर्कवर पोचलेल्या कोणीही फंक्शन कोड 6, म्हणजे लिहायचा हुकूम, पाठवावा आणि पीएलसीच्या रजिस्टरमधला आकडा बदलावा. ही चूक नाही, तो बनवलाच तसा. भिंतच नसलेल्या घराच्या दाराला नवं कुलूप कशाला? यंत्र वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, विषय संपला. आमचं नेटवर्क पूर्ण वेगळं आहे, बाहेर जाणारी एक तार नाही.

शून्यविश्वास
"बाहेर जाणारी तार नाही" असं इराणच्या नतांझ अणुकेंद्रातही होतं. 2010 मध्ये उघड झालेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम तिथे यूएसबी ड्राइव्हवरून पोचला असं मानलं जातं. आत गेल्यावर त्याने इंजिनिअरच्या कॉम्प्युटरवरचं स्टेप 7, म्हणजे सीमेन्सचे पीएलसी प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअरच ताब्यात घेतलं. म्हणजे पीएलसीतला ब्लॉक उघडून पाहिला तरी बदललेला कोड दिसायचा नाही. सीमेन्सच्याच विनसीसी या प्लांटवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये कायमचा लिहिलेला होता, तोही त्याने वापरला. हा दोष कोणाचा, नेटवर्क वेगळं ठेवणाऱ्याचा?

लॅडरवाला
स्टक्सनेट म्हणजे सरकारी पैशाने बनवलेलं अस्त्र. ते सगळ्यांवर येत नाही. रोजचं उदाहरण घ्या: नोव्हेंबर 2023, पेनसिल्व्हेनियातलं अलिक्विप्पा. पाणीपुरवठ्याच्या एका पंपिंग स्टेशनवरचा युनिट्रॉनिक्स कंपनीचा पीएलसी थेट इंटरनेटवर, आणि हल्लेखोर त्यात घुसले. या यंत्रांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड 1111, आणि कित्येक ठिकाणी तो कोणी बदललाच नव्हता. तिथल्या लोकांनी स्टेशन हाताने चालवलं, पाणी चालू राहिलं. यात पॅच कुठे आला? निष्काळजीपणा होता, बस.

शून्यविश्वास
पॅच नंतर आला, तेच तर सांगतोय! त्याच डिसेंबरात कंपनीने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली, तिच्यात मूळ पासवर्ड बदलायलाच लागतो. एवढं करायला इतकी वर्षं का लागली? आणि हल्ला होईपर्यंत का थांबावं लागलं? गिऱ्हाइकाला निष्काळजी म्हणणं फार सोपं आहे. 1111 घालून माल विकणारा मात्र सुटतो.

पॅनेलवाला काका
मंडळी, कंट्रोलरवरच्या चावीचं कोणी बोलत नाहीये; प्रोग्राम बदलू द्यायचा की नाही ते तीच ठरवते. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ट्रायटन हा घातक प्रोग्राम सापडला. त्याचा रोख ट्रायकोनेक्सवर, म्हणजे सेफ्टी कंट्रोलरवर. बाकी सगळं बिघडलं तरी प्लांट सुरक्षित बंद करणं एवढंच या कंट्रोलरचं काम. त्याची चावी 'प्रोग्राम'वर सोडलेली होती. 'रन'वर असती तर बाहेरून कोड चढवणं जमलं नसतं. पितळेची चावी हो, तिला अपडेट लागत नाही.

शून्यविश्वास
काका, चावीचं मान्य. पण त्याच कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये तोवर कोणालाच माहीत नसलेली त्रुटी होती आणि ट्रायटनने ती वापरली, हेही सांगा. हल्ला उघडकीला आला तो कंट्रोलर ट्रिप होऊन प्लांट बंद पडला म्हणून. चावी विसरणारा माणूस असतोच, म्हणून तर आतलं फर्मवेअरही पक्कं हवं.

लॅडरवाला
बरं, मग युक्रेन घ्या. 23 डिसेंबर 2015, सुमारे 2,25,000 ग्राहक अंधारात. हल्लेखोर चोरलेल्या पासवर्डने व्हीपीएनमधून आत आले आणि वीज कंपन्यांच्या ऑपरेटरच्याच स्क्रीनवरून ब्रेकर उघडले, म्हणजे वीज तोडली. पीएलसीतली एकही त्रुटी लागली नाही. आणि वीज कशाने परत आली? माणसं सबस्टेशनला गेली, ब्रेकर हाताने ओढले. म्हणून मी म्हणतो, हाताने चालवायची सवय ठेवा. आता नव्या पोरांना एचएमआय (यंत्र चालवायचा स्क्रीन) बंद पडला की व्हॉल्व्ह कुठे आहे तेही ठाऊक नसतं, पण ते असो.

शून्यविश्वास
अर्धीच गोष्ट सांगितलीत. सबस्टेशनमधल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरवर (जुन्या यंत्रांना नेटवर्कशी जोडणारी पेटी) हल्लेखोरांनी भलतंच फर्मवेअर चढवलं आणि कन्व्हर्टरने ते मुकाट घेतलं. माणसांना गाड्या काढून जावं लागलं ते यामुळेही. युरोपचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर 2027 पासून पूर्ण लागू होतोय. त्यानंतर तिथे डिजिटल वस्तू विकणाऱ्याला सहसा निदान 5 वर्षं सुरक्षा अपडेट द्यावे लागतील. वस्तू त्याहून जास्त टिकणारी असेल तर जास्त.

पॅनेलवाला काका
पाच वर्षं! माझ्या पॅनेलमधला सीपीयू वीस वर्षांचा आहे. लॅडरवाले, तुमच्या चाव्या कुठल्या खुणेवर आहेत ते तरी बघून या.

लॅडरवाला
आज फेरी मारली. नऊ पॅनेलपैकी चार चाव्या 'रिमोट'वर, म्हणजे नेटवर्कवरून प्रोग्राम बदलता येईल अशा होत्या, त्या फिरवून काढून घेतल्या. सातव्या पॅनेलमध्ये, केबल डक्टच्या मागे, सिम घातलेला मोडेम सापडला. दिवा लुकलुकत होता. कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे यंत्रणा सुरू करून देताना, ती बसवणाऱ्या इंटिग्रेटरने घरबसल्या प्रोग्राम बघता यावा म्हणून लावला आणि तो तसाच राहिला. सिमचं बिल कोण भरतंय, आमच्या अकाउंट्सलाही माहीत नाही.

पॅच मात्र शटडाऊनमध्येच मारणार. त्यावर मी ठाम आहे.

शून्यविश्वास
मोडेम काढलात ना?

लॅडरवाला
वायर ओढली आधी, मग फोटो काढला. उलटं करायला हवं होतं.